झेंडू नसलेलं वर्ष

गोराईच्या गावठाणात एमिलियाची पेरूची वाडी आहे. खाडीपलीकडे बोरिवलीचे टॉवर, अलीकडे अकरा झाडं. म्हणजे, अकरा होती. नवरा रुडॉल्फ गेला आणि पुढच्याच वर्षी विहिरीजवळचं पहिलं झाड पिवळं पडलं. मग दुसरं. मग तिसरं. त्याने ज्या क्रमाने लावली होती, अगदी त्याच क्रमाने. मधलं एकही चुकलं नाही.

शेवटच्या आजारात तो एवढंच म्हणाला होता, "वाडी सुकू देऊ नको." आणि आता तोच एकेक झाड घेऊन चाललाय, असं एमिलियाच्या मनाने घेतलं. भर दुपारी वाडीत गेली की वाटायचं, बांधावरून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. बसल्या जागेचं गवत दबलेलं दिसायचं.

"काय गो, तुझा नवरा वर पेरूचं दुकान टाकतो काय?" शेजारची बेव्हर्ली म्हणाली.

एमिलिया हसली नाही. "आठ गेली. तीन उरलीत. ती नेऊन झाली की माझी पाळी."

बेव्हर्ली चपापली. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती भाचीच्या मैत्रिणीला, इरावतीला, घेऊनच आली. इरावती कृषी महाविद्यालयात शिकवते. तिने फार काही विचारलं नाही. नवव्या झाडाखाली खुरप्याने उकरलं आणि एक बारीक मूळ तळहातावर ठेवलं. मुळाला गाठीच गाठी होत्या. जपमाळच जशी मातीतून काढली.

"सूत्रकृमी," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाहीत, इतके बारीक. मुळांत शिरून झाडाचं रक्त पितात म्हणा ना. विहिरीचं पाणी पाटाने ज्या क्रमाने जातं, त्याच क्रमाने पसरलेत. ही वांगी कधीपासून लावताय, आंटी?"

"रुडॉल्फ गेला तेव्हापासून. आधी इथे झेंडू असायचा. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाला अर्ध्या गावाच्या कबरींवर आमचीच फुलं जायची. पण घरात दुखवटा होता. फुलं कशी लावणार? लोक काय म्हणतील? जमीन उघडी नको, म्हणून वांगी."

इरावतीने ते मूळ वांग्याच्या रोपाशेजारी धरलं. "वांगी म्हणजे त्यांची मेजवानी. झेंडूपाशी मात्र त्यांची डाळ शिजत नाही."

एमिलियाला आठवलं. दर वर्षी फुलं तोडून झाली की रुडॉल्फ झेंडूची झाडं बारीक चिरायचा, निंबोळी पेंडीत कालवून पेरूच्या आळ्यांत पुरायचा. कडूजार वास घेऊन घरात यायचा. "हात धुऊन ये, मगच ताटावर बस," ती ओरडायची. सव्वीस वर्षं ओरडली. कशासाठी पुरतोस, हे एकदाही विचारलं नाही.

तो काही नेत नव्हता. तिनेच वांग्याची रोपं लावून त्या कृमींना घरात घेतलं होतं.

"ही तीन वाचतील?"

"वचन देत नाही. वांगी मुळासकट उपटून जाळा. पेंड, कुजलेलं शेणखत घाला, झेंडू लावा. वर्ष तरी जाईल."

वर्ष गेलं. नववं झाड तरीही सुकलं. दहाव्याला भाद्रपदात बोटभर पालवी फुटली. अकरावं हिरवंच राहिलं. नोव्हेंबरात एमिलियाने रुडॉल्फच्या कबरीवर पाटीभर झेंडू वाहिला, घरी येऊन झेंडूची झाडं कोयत्याने चिरली, पेंडीत कालवली आणि दोन्ही आळ्यांत पुरली.

दुपारी ती ताट वाढत होती. पाठीमागून तोच कडू वास आला.

"हात धुऊन ये," ती मागे न वळताच म्हणाली.

दार उघडं होतं. अंगणात कुणी नव्हतं. तिने आपले हात पाहिले. नखांत पेंड भरली होती.

ती तशीच ताटावर बसली. पहिला घास कडू लागला. तिने दुसरा घेतला.