आईचा ठेका

परवा आईचं कपाट आवरताना कागदाच्या पुडीत तिची जोडवी सापडली. चांदी काळी पडली होती. एक उगाच फरशीवर आपटून पाहिलं. टिक् झालं, आणि शांती नगरची आमची जुनी खोली दिसली.

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. आई सतरंजीवर, भिंतीला टेकून, गुडघे उभे करून बसली होती. समोरच्या बिल्डिंगमधून वरात निघायची होती. नवऱ्या मुलाचे वडील स्वतः वर आले. "भाभी, बँड बंद करवा देता हूँ."

आई म्हणाली, "नहीं भाईसाब, शादी का घर है. बजने दो."

बँड सुरू झाला. ढोलाच्या दणक्याने खिडकीची काच थरथरत होती. थोड्या वेळाने पाहिलं, तर आईचा उजवा पाय ठेका धरत होता. एरवी मेथी निवडताना रेडिओ लागला की तो असाच हलायचा आणि जोडवी फरशीवर टिकटिक करायची. आज आवाज नव्हता. बोटावर जोडव्याच्या जागी पांढरा पट्टा होता. आत्या, मावशी सगळ्या समोरच बसलेल्या. मी आईचा गुडघा दाबला.

"अगं, माझं लक्षच नव्हतं," ती घाईने म्हणाली.

मला तेव्हा तिची लाज वाटली होती.

त्यानंतर आई बरीच वर्षं होती. रेडिओही लागायचा. ती मेथी निवडायला बसायची, मांडी घालून, दोन्ही पाय साडीखाली घट्ट ओढून.