कुलपांचं वाण

शालन गेल्याचा निरोप भाऊजींनी आणला तेव्हा मी तिच्यासाठीच मऊ भात टाकला होता. कावीळ उतरतेय, असं डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते… गॅस बंद केला आणि तिथेच ओट्यापाशी बसकण मारली. त्याला महिना होऊन गेला. शालन माझी धाकटी जाऊ. मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही कित्येक वर्षं एकत्र काढली, भांडलो थोडं, हसलो पुष्कळ. म्हणून रडगाणं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. तिला ते आवडलंही नसतं.

आमचे सासरे, मामंजी, फौजेतून निवृत्त होऊन बँकेत पहारेकरी झाले. दुनळी बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. ड्युटीवरून आले की ती भरलेलीच बाहेरच्या खोलीत उंच खुंटीवर टांगायचे. घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. शालनचा बंड्या चालायला लागला आणि तिला मात्र चैन पडेना.

"मामंजी, ती कुलपात ठेवूया ना," ती एकदा सरळ म्हणाली.

"पोरांका मी दम दिलंय गो. एक पोर हात लावचा नाय."

"मग आज रिकामी टांगा आणि आमच्याबरोबर आत बसा."

मामंजी हसले. काडतुसं काढून खिशात टाकली, नळ्या दोनदा तपासल्या, बंदूक टांगली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात दाराआड बसलो. चहा निवायच्या आत माझी सुषमा, तेव्हा दुसरीत होती, दिवाणावर स्टूल ठेवून चढली. बंदूक तिला पेलवेना, तरी ओढून खाली घेतली, स्टुलावर टेकवली आणि बंड्याकडे रोखून म्हणाली, "हात वर!" बंड्याने खिदळत दोन्ही हात वर केले.

मामंजींनी कपबशी खाली ठेवली. जाऊन त्यांनी बंदूक काढून घेतली. 'सांगत होते ना मी' असं शालन म्हणाली नाही. तिने त्यांच्यापुढे दुसरा चहा ठेवला. त्यांचा मान राखून तिने हे केलं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

लगेच भिंतीला पक्कं ठोकलेलं लोखंडी कपाट आलं. त्याची किल्ली मामंजींच्या करगोट्याला. काडतुसांचा डबा वेगळ्या कुलपात, ती किल्ली सासूबाईंकडे.

एवढ्यावर थांबेल ती शालन कसली! आमच्या वस्तीत निवृत्त फौजी बरेच, घरोघरी बंदुका. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवात हिने वाण म्हणून चक्क कुलपं लुटली. बायका हसून बेजार.

"अगं, बाजारातल्या वाट्या संपल्या काय?"

"घ्या तर खरं! बंदूक असेल तर बंदुकीला, नसेल तर रॉकेल-फिनेलच्या कपाटाला लावा. आणि किल्ली खिळ्याला टांगलीत ना, तर कुलूप परत घेईन हां!"

पोरांना कुणाकडे खेळायला सोडताना ती साखर उसनी मागावी इतक्या सहज विचारायची, "तुमची बंदूक कुठे असते?" नाहूरचे एक गृहस्थ भडकले, "आमच्यावर विश्वास नाय काय?" ही म्हणाली, "तुमच्यावर आहे ना काका, पोरांवर नाही." नंतर तेच आमच्याकडे कपाट बघायला आले.

मामंजी अधूनमधून रविवारी बंदूक साफ करतात. उघडून खिडकीकडे धरायची आणि हाक मारायची, "शालन, बघ गो." ती हात पुसत यायची, दोन्ही नळ्यांतून उजेड बघायची, "रिकामी" म्हणायची. मगच तेल आणि चिंध्या बाहेर निघायच्या. गेल्या रविवारी त्यांनी सवयीने हाक मारली… आणि तसेच थांबले. भाऊजींनी पेपर तोंडासमोर धरला.

सुषमा आता दहावीत आहे. पुस्तक मिटून ती उठली. आधी एका नळीतून पाहिलं, मग दुसरीतून.

"रिकामी, आजोबा."

"परत एकदा बघ गो," मामंजी म्हणाले.

तिने परत पाहिलं.