सासऱ्यांनी अक्काचा हात मोडला त्या दुपारी

माझ्या सासऱ्यांनी जिचा हात मोडला, ती नर्स काल वारली.

हो, सासऱ्यांनीच. पूर्ण शुद्धीवर लिहितेय. आमचे हे पण वाचतील ही पोस्ट. वाचा, चष्मा लावून वाचा.

सगळा गाव तिला अक्का म्हणायचा. मूळची धुळ्याकडची. भडगावजवळ, गिरणेकाठच्या आमच्या गावात सब-सेंटरला तिची पोस्टिंग झाली तेव्हा मी नवी सून होते. नव्वद साल अजून उजाडायचं होतं.

सब-सेंटर म्हणजे दोन खोल्या आणि डिलिव्हरीचं एकच टेबल.
ते टेबल आमच्यासारख्या बागायतदारांच्या सुनांचं. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या बायका बाहेर ओट्यावर, गोणपाटावर बाळंत व्हायच्या. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती.

अक्कानं आल्या आल्या मोडलं.
"जी पहिले येई, ती टेबलवर."

गावानं आधी हसण्यावारी नेलं. मग लोक नाकं मुरडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, गोमूत्र शिंपडल्याशिवाय माझी सून त्याच्यावर चढायची नाही.

माझ्या कळा सुरू झाल्या त्या ऐन कापूस वेचणीत, भर दुपारी. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः बैलगाडी जुंपली. सोबत हे आणि सासूबाई.

आत टेबलावर झुमी होती. आमच्याच शेतात कापूस वेचणारी भिलाची पोर. सकाळी वेचता वेचता तिला कळा आल्या, आणि तिची माय तिला तशीच घेऊन आली होती.

आबा दारातूनच ओरडले, "उतार तिले! मनी सून उभी शे!"

"आबा, पोरनं डोकं दिखी ऱ्हायनं. आते कसं उतारू?" अक्का म्हणाली. "तुमनी सूनले खाले निजाडस. मी शे ना."

खाली. भिलीण वर आणि आबांची सून खाली.

एवढंच पुरलं.

आबांनी गाडीची उभारी उपसली. गाडीच्या बाजूला उभा दांडा असतो ना, तो. पहिला फटका अक्काच्या खांद्यावर. दुसरा अडवायला तिनं हात वर केला, आणि तो हात मनगटाच्या वर मोडला. तो आवाज मी ऐकलाय. ओलं लाकूड मोडावं तसा.

हे धावले ते बापाला आवरायला नाही, झुमीचा पाय ओढायला. मूल अर्धं बाहेर असलेल्या बाईचा पाय! अक्कानं डोक्यानं यांच्या छातीत धडक दिली, ढकलत ढकलत बापलेकाला दाराबाहेर काढलं. मला आत खेचलं. ओरडली, "कडी लाव!"
झुमीच्या मायनं कडी लावली.

मग दारावर लाथा. खिडकीतून दगड. एक अक्काच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात जात होतं, ते ती खांद्याला पुसायची आणि पुन्हा वाकायची. आईवरून शिव्या चालू होत्या बाहेर, आणि आत झुमीची पोरगी जन्मली.

मी खाली, खिडकीच्या फुटलेल्या काचांच्या शेजारी. झुमीच्या मायनं स्वतःचं लुगडं फाडून माझ्याखाली घातलं, माझे पाय धरले. ज्या बाईची सावली पडली तरी सासूबाई पुन्हा आंघोळ करायच्या, तिच्या हातांत माझा मुलगा आला. अक्का एका हातानं नाळ बांधत होती. दुसरा लोंबत होता.

"भिऊ नको माय," एवढंच म्हणत होती. मारणाऱ्याच्या सुनेला.

आणि पुढे काय झालं माहितीये? तक्रार उलटी अक्कावरच गेली! चांगल्या घरची सून जमिनीवर टाकली म्हणून. हात कसा मोडला? ओट्यावरून पाय घसरला. बठ्ठा गाव, सगळाच्या सगळा, तेच बोलत होता.

तालुक्याहून मोठे डॉक्टर चौकशीला आले. अक्काची नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं. मला विचारलं ते नावापुरतं. सासूबाई शेजारी, पोरगं मांडीवर.

मी म्हटलं, "पाय नाही घसरला. माझ्या सासऱ्यांनी मारलं. उभारीनं. आणि यांनी झुमीला ओढलं."

अक्काची नोकरी राहिली. आबा एक दिवस पोलीस स्टेशनात बसून परत आले.

आणि घरी यांनी विचारलं, "तू मना बापनं नाव लिधं?" आणि माझं तोंड उंबऱ्यावर आपटलं. माझे समोरचे दात खोटे आहेत, हे आज माझ्या सुनेलाही पहिल्यांदाच कळेल.

दुसऱ्या दिवशी अक्का अंगणात उभी. हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके.

"बाळंतीण देखाले उनू," सासूबाईंना म्हणाली. "रोज येसू. कोठे कोठे मार लागेल शे, ते बी देखसू."

आली. रोज आली. मला दिवाणखान्यात सगळ्यांसमोर बसवायची, तोंड उघडायला लावायची, पाठ बघायची. आबा पेपरमागे तोंड लपवायचे. सरकारी बाई, हाकलणार कशी? यांचा हात दोनचारदा उठला आणि तिच्या भीतीनं खाली आला. सव्वा महिना संपला, वर्ष संपलं, पोरगं शाळेत जायला लागलं, तरी अक्काच्या लेखी मी बाळंतीणच! गावातल्या बायका हसायच्या. हसता हसता एकेक जण तिला कानात सांगायला लागली, "अक्का, मनाकडे बी येत जा ना."

आणि ती जायची. भिलाटीतही, आमच्या आळीतही.

रिटायर झाल्यावर ती जळगावला, पिंप्राळ्यात राहायची. आज सकाळी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तो हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला. मी तो धरून बसले, उठवेना.

शेजारची एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "मी त्यांची बाळंतीण."

अक्का, रडत रडत, मनापासून श्रद्धांजली.