शंभर पानांची वही
३१ मार्च. जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागली म्हणून आज त्या कचेरीच्या अंगणात उन्हात घातल्या, आणि खळीचा आंबूस वास येताच अठ्ठ्याहत्तर सालची एक दुपार आठवली. तेव्हा मी इथेच, नोकरीसाठी नावं नोंदवून घ्यायच्या टेबलावर होते. वहीची पानं संपली की नव्या वहीची वाट न बघता मी दाभणाने मागे कोरे कागद शिवायची. वही वाढतच जायची, फुगून तिचा पुठ्ठाही मिटेनासा झाला होता. त्या दिवशी शिक्षिकांच्या जागांसाठी अकोल्याला नावांची यादी जायची होती. अनसिंगच्या एका मजुराची लेक बाकावर बसून होती. जूनमध्ये तिची वयोमर्यादा संपत होती. चार वर्षांपूर्वी नोंदवलेलं तिचं नाव एकशे बाराव्या पानावर होतं. नव्या साहेबांनी पहिलं पान उघडलं. "इथं लिहिलंय, या वहीत शंभर पानं. पुढची कुठून आली?" "मी शिवली," मी म्हटलं. "मग ती तुमची, सरकारची नाहीत." "साहेब, बाईनं नाव माह्या समोर लिवलं," ती मुलगी म्हणाली. "चार वर्स मी काय हवेत उभी होती?" यादी शंभराव्या पानावर थांबली आणि संध्याकाळच्या टपालात गेली. जाताना ती मला म्हणाली, "बाई, कागद शिवता आले तुमाले, थो आकडा काहून नाही बदलता आला?" चूक माझीच होती, हे मला आजही कबूल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पानावरचं शंभर खोडून एकशे साठ लिहिलं आणि वही साहेबांपुढे ठेवली. त्यांनी न वाचता सही केली.