उणे अठरातल्या अळूवड्या

वैशाखातल्या भर दुपारी हडपसरच्या त्या शीतगृहाचं दार उघडलं आणि पांढऱ्या धुक्याचा एक लोट जमिनीलगत सरपटत माझ्या पावलांवर आला. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि इथे माझी बोटं बधिर होत होती. त्या धुक्याला कसलाच वास नव्हता. आत छतापर्यंत खोकी रचलेली, त्या खोक्यांत अळूवड्या, आणि तरी चिंचगुळाचा, तिळाचा, उकडलेल्या पानांचा कणभरही गंध नाही! जो पदार्थ तळायला घेतला की जिन्यावरून जाणारा माणूस दोन पायऱ्या थबकतो, तो असा मुका होऊन बसलेला पाहून मला, खरं सांगते, आनंद झाला. दुष्ट आनंद. कारण त्या वड्या माझ्या नव्हत्या, मंदाच्या होत्या.

मंदा म्हणजे कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारी. भंडाऱ्याकडून लग्न होऊन पुण्यात आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटी, मला वहिनी म्हणणारी. आज तिचा हडपसरला स्वतःचा गाळा आहे, हाताखाली आठ बायका आहेत, आणि त्या दिवशी तिच्या वड्या पहिल्यांदा बोटीने विलायतेला निघाल्या होत्या. एका व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये, पराठे आणि भेंडीच्या शेजारी, तिला एक कोपरा मिळाला होता. तेवढ्या कोपऱ्यासाठी तिने कंटेनरच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि नारळ आणून ठेवला तो माझ्या हातात! ‘तुमीच फोडा नं वहिनी, तुमीच तर शिकवलं.’ ड्रायव्हरसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ एका फटक्यात फुटला. तो फटका मी मनातल्या मनात कुणाला मारला, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.

आणि काय ते त्या वड्यांचे लाड! उणे अठरा अंश म्हणजे उणे अठरा; गाडी बंद पडली तरी गारव्याचं यंत्र बंद पडता कामा नये. आत एक चिमुकलं उपकरण ठेवलेलं, ते महिनाभराच्या प्रवासात क्षणाक्षणाचं तापमान टिपणार. बाळंतिणीच्या उशाशी बसावं तसा तो व्यापाऱ्याचा माणूस त्या आकड्यांपाशी बसला होता. माझी एकुलती एक लेक, जुई, मँचेस्टरला असते. तिला दिवस गेले होते. आईनं बाळंतपणाला जायचं नाही तर कुणी जायचं? माझी बॅगसुद्धा भरून झाली होती. पण पायाच्या शिरेत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली. वड्यांच्याही तपासण्या झाल्या होत्या म्हणे, बऱ्याच. त्या सगळ्यांत पास झाल्या आणि निघाल्या माझ्या लेकीच्या देशी. मी नापास होऊन स्वारगेटला बस बदलून घरी आले.

मत्सराला लोक उगाच आग म्हणतात. माझा मत्सर कधी भडकला नाही की विझला नाही, वर्षानुवर्षं जसाच्या तसा टिकला. त्याची सुरुवात अगदी क्षुल्लक होती. मंदा नवी आली तेव्हा तिने एकदा वर पाटोडीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या बेसनवड्यांच्या, रश्श्याचं वाडगं पाठवलं होतं. आमचे हे म्हणजे जेवताना तोंडातून चकार शब्द न काढणारे गृहस्थ; माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला त्यांची सर्वोच्च पदवी म्हणजे ‘ठीक आहे’. त्या दिवशी मात्र वाडगं पुसून घेतलं आणि म्हणाले, ‘अजून आहे का गं?’ नाकाला मिरच्या झोंबल्या त्या रश्श्याच्या नव्हेत! पुढच्याच आठवड्यात मंदा माझ्याकडे अळूवडी शिकायला आली. आमच्या आळीत माझ्या अळूवडीला मान होता. हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, वड्या माझ्याकडूनच जायच्या.

मी तिला सगळं शिकवलं. काळ्या देठाची पानं कशी निवडायची, शिरा कशा लाटायच्या, चिंच किती, गूळ किती, पीठ लावलेल्या पानांचा उंडा किती घट्ट वळायचा. हातचं राखायचं ते शेवटी राखलं. वाफवलेला उंडा पुरता गार झाल्याशिवाय त्याला सुरी लावायची नसते, नाहीतर पानं सुटतात आणि पीठ ओघळतं. तिने सुरी हातात घेऊन विचारलं, ‘गरमच कापतात नं वहिनी?’ आणि मी म्हणाले, ‘हो. गरमच.’ एवढंच. एवढ्याशा शब्दाला कितीसा वेळ लागतो!

पुढे दोन वर्षं तिच्या वड्या फुटत राहिल्या. खालून कढईचा आवाज यायचा, मग तिच्या सासूबाईंचा. मी वरून ऐकायचे आणि माझ्या वड्या मला आणखीच खमंग लागायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायचे, शिकवलं हो मी, पण एकेकीचा हात असतो. मग एका हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी घाईघाईत तिने वाफवलेले उंडे न कापता तसेच फ्रीझरमध्ये कोंबले आणि विसरली. सकाळी काढून कापले, तर नाण्यासारख्या गोल, सुबक चकत्या! तिथून तिचं नशीब पालटलं. आधी इमारतीत, मग दुकानांत, मग हडपसरला गाळा, आणि आता बोट. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणायची तरी मला कुठे सोय होती? मनातल्या मनात म्हणायचे, तेवढ्यावरच समाधान.

आषाढात जुईचा व्हिडिओ कॉल आला. सातवा महिना, गालांवर तेज आणि हातात बशी. ‘आई, इथल्या दुकानात मंदाकाकूच्या वड्या आल्यात! अगदी तुझी चव गं. मी रडलेच खाताना.’ माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुठल्या जातीचं, हे तिला कळू नये म्हणून मी फोन जरा लांब धरला. डोहाळे माझ्या लेकीचे, चव माझी, आणि पुरवणारी ती! एवढ्यात जुई म्हणाली, ‘मी काकूला फोन केला. म्हटलं, इथे पानं मिळतात, घरी करून बघू का? तर ती म्हणाली, तुझ्या आईची पद्धत गरम असताना कापायची, तिच्या हातात जादू आहे, आपल्यासारख्यांना बाई फ्रीझरच लागतो.’ लहानपणी हीच पोर ओट्याला टेकून उंडे गार व्हायची वाट बघत भुकेने रडायची. ‘आई,’ ती हळूच म्हणाली, ‘तू तर कधीच गरम कापायची नाहीस.’

मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. चव माझी म्हणून लेक रडते आणि तीच मला खोटारडी समजते, हे घेऊन मी तिच्या बाळाला अंगाई म्हणणार होते का, फोनवरून तरी? तिसऱ्या दिवशी हडपसर गाठलं.

गाळ्यात वाफ दाटली होती. मंदा उंडे मोजत होती. मी बसले नाही. उभ्यानेच, आठ बायकांच्या देखत, सगळं सांगून टाकलं. गार करूनच कापायचा हे मला माहीत होतं, मी मुद्दाम खोटं सांगितलं, मला तुझा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो, हेही सांगितलं. मंदाच्या हातातला उंडा तसाच राहिला. ‘दोन वर्षं वहिनी,’ ती म्हणाली, ‘हिच्या हाताला यशच नाही म्हणायच्या सासूबाई. मलेबी तसंच वाटे.’ तिच्या आवाजात राग नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.

तिने चाळणीतला वाफाळता उंडा उचलून माझ्यापुढच्या पाटावर ठेवला आणि सुरी सरकवली. ‘कापा.’ बायकांचे हात थांबले होते. पहिल्याच घावाला पान सुटलं, दुसऱ्याला पीठ ओघळलं, माझी बोटं भाजली. थांबले तर म्हणाली, ‘पुरा कापा नं.’ मी पुरा कापला. पाटावर हिरवा लगदा उरला. मंदाने त्यातला चिमूटभर उचलून तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि दुसरा गरम उंडा माझ्यापुढे ठेवला.