टाचणी आणि न्हाणीतली वजरी

डॉक्टरांनी माझ्या टाचेजवळची जाड कातडी खरवडली आणि टाचणी टोचली. मी "अगं माय!" करून ओरडले. ते हसले. "दुखलं ना? मग महारोग नाही. हा प्लँटर वॉर्ट, म्हणजे तळपायाची चामखीळ."

मला आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, एवढंच दिसलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते ते. ब्राह्मणपुरीहून शहाद्याच्या दवाखान्यात यांनी मला बैलगाडीने आणलं होतं. हे पुढे, मी मागे गोणपाटावर.

सुरुवात पायात खडा रुतल्यासारखी झाली. कापूस वेचताना टाच टेकवेना. कुरूप असेल म्हणून सोडून दिलं. मग एके दिवशी सासूबाईंनी त्यावर नख ओढलं आणि मला कळलंच नाही, कातडी इतकी जाड झालेली. त्या मागे सरकल्या. "हाऊ महारोग शे. पोरले हात नको लावू."

त्या दिवसापासून माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण गोठ्यात. माझी तीन वर्षांची लेक, ताई, सासूबाईंच्या कुशीत. ती हाका मारायची. आठ दिवस मी रडले, मग नुसती ऐकत बसले. असे दोन महिने. नणंदेचं लग्न ठरत होतं, बभ्रा होईल म्हणून दवाखान्याचं नावच कुणी काढेना. शेवटी यांनाच राहवलं नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. कुरूप वरून दाबलं की दुखतं, ही चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त. कातडीच्या रेघा तिच्यापाशी तुटतात. खरवडल्यावर काळे ठिपके दिसतात, ते वाळलेलं रक्त. ओल्या जागी अनवाणी वावरताना भेगेतून ती एकाची दुसऱ्याला लागते. "घरात पाय कशाने घासता?"

वजरीने! न्हाणीतल्या एकाच वजरीने, आम्ही सगळ्या बायका. ताट वेगळं केलं, पोर वेगळं केलं, ते भाजलेल्या मातीचं ढेकूळ मात्र सगळ्यांचं.

घरी हे सांगितलं. सासूबाईंनी खाली बसून स्वतःचा तळपाय वर केला. तेच काळे ठिपके. "माले बी शे, दिवाळीपाईन. भ्याव वाटे, म्हनीसन कोनले सांगं नही."

म्हणजे माझ्या आधीपासून. राग यायला हवा होता. तोही आला नाही.

सॅलिसिलिक ॲसिड म्हणजे कातडी मऊ करून झडवणारं औषध मिळालं. आम्ही दोघी ओसरीवर शेजारी बसून ते लावायचो. वजरी आता जिची तिची वेगळी. तुमच्या घरात कुणा बाईच्या पायाला असं काही दिसलं तर तिला गोठ्यात घालू नका, आधी दवाखान्यात न्या. त्या टाचणीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पाय बरा होत आला, पण ताई माझ्याकडे येईना. हात पुढे केला की आजीच्या पदराआड. तिला शिकवलंच होतं तसं.

एका दुपारी मी पट्टी सोडत होते. ती हळूच आली, लांबच उभी राहिली. "माय, दुखस?"

"दुखस," मी म्हटलं.

ती वाकली आणि माझ्या टाचेवर फुंकर घातली. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.