कालवडीचा चीक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिल्लोडला पंचावन्न हजारांना गाभण संकरित गाय घेतली. हजर मी, माझा थोरला भाऊ आणि गावाकडं राहणारी धाकटी भावजय. पैसे आम्हा दोघा भावांचे, निम्मे-निम्मे. सांभाळणार भावजय, कारण तिचा नवरा वाळूजला कंपनीत असतो. बोली झाली की पहिल्या वेताला कालवड, म्हणजे मादी वासरू, झाली तर ती तिची. राबण्याचा मोबदला तेवढाच.

पुढं एका पहाटे गाय व्याली, कालवडच झाली. आम्ही दोघं शहरातून पोचलो तेव्हा वासरू कासेकडं ओढ घेत होतं आणि भावजय त्याला दोरीनं मागं धरून बसली होती.

"भाऊजी, पाजू का आता?"

"वार पडू दे आधी," थोरला म्हणाला. "दूध कुठं पळून चाललंय व्हय?"

आमच्याकडं वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, पडल्याशिवाय वासराला थेंब देत नाहीत. वार पडली दुपारी. मग थोरल्यानं जवळजवळ सगळा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, कॅनमध्ये काढला. जास्त चिकानं वासराला हगवण लागते म्हणे. शहरात पुंडलिकनगरात त्याच्या ओळखीच्या घरी खरवसाचे डबे गेले. एक आमच्याकडंही आला.

महिन्याच्या आत वासराला हगवण लागली, रक्ताची. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चीक कधी पाजला?" भावजयीनं झालं ते सांगितलं.

"आतड्यात परजीवी झालेत," डॉक्टर म्हणाले. "वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्याच्या अंगात जवळपास नसतात. ती आईच्या चिकातून मिळतात, आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात जातात. दुपारपर्यंत उशीर झाला होता. चीक मिळूनही लागण झाली असती कदाचित, पण झुंजायला बळ राहिलं असतं."

"आमच्या वडलांनी असंच केलं," थोरला म्हणाला. "आम्ही काय चीक पिऊन मोठे झालो?"

"खरवस खाऊन झालात की," डॉक्टर म्हणाले. थोरला हसला नाही.

औषधं झाली, सलाइन झालं. तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. भावजयीनं विचारलं, "आता माझं काय?" थोरला म्हणाला, वाटा कालवडीत होता, कालवड राहिली नाही. मी पाच हजार पुढं केले. "बोली पैशाची नव्हती," म्हणून तिनं ते परत सारले, आणि गाय शहरात आमच्या दारात आणून बांधली.

डॉक्टरांचे अठराशे मी दिले. भावजयीच्या हाती काहीच आलं नाही.